'थोडक्यात वाचलो' हे घरीही सांगता यावं



पालकहो, आपल्या मुलाला घटक चाचणीत किती गुण पडले, त्याचं कुणाशी वाजलं, मोबाइलचा रिचार्ज कधी संपतोय, हे सगळं आपल्याला ठाऊक असतं. पण परवा आपल्या सायखेड्याहून चाटोरीच्या रस्त्याला तो उसाच्या ट्रॉलीत घुसता घुसता राहिला, हे ठाऊक असतं का? त्याच्या मित्रांना ते माहीत असतं. मधल्या सुट्टीत तो हातवारे करून सांगतो, "असा अर्जंट ब्रेक मारला ना, गाडी आडवीच झाली. थोडक्यात वाचलो!" बाकीचे हसतात, कुणी त्याच्यावर ताण करणारा दुसरा किस्सा काढतो. रात्री जेवताना आपण विचारतो, "काय रे, आज काय विशेष?" तो ताटाकडे बघत म्हणतो, "काही नाही."

मी शिक्षिका आहे. वर्गाच्या दारात उभं राहिलं की असे किस्से कानावर पडतात. अकरावी-बारावीतली मुलं, गाडी वडिलांची नाही तर चुलत्याची, लायसन कुणाकडे आहे, बऱ्याच जणांकडे नाही. मुलींचेही किस्से असतात. त्या स्कूटीवर असतात आणि जरा हळू आवाजात सांगतात, एवढाच फरक. या किस्स्यांबद्दलच आज तुमच्याशी बोलायचं आहे. ब्रेक दाबायचा की बाजूनं काढायची, हे ज्या क्षणी ठरतं तो क्षण मुलाच्या एकट्याचा असतो, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. त्या क्षणी काय होणार यातलं बरंचसं आधीच ठरून गेलेलं असतं, आणि ते आपल्या घरात, आपल्या ओट्यावर ठरलेलं असतं.

आधी आपला रस्ता बघू. गोदाकाठच्या रस्त्यावरचा धोका महिन्यागणिक बदलतो. दिवाळी मागे पडली की ऊसतोड सुरू होते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला ऊस, मागचा लाल दिवा एक तर नसतोच, नाही तर वाढ्यांनी झाकलेला. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरचा एकच दिवा चालू असला तर ती मोटारसायकल वाटते, आणि पोरगं मोटारसायकलीला लागेल तेवढीच जागा सोडतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडची थंडी. कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रात पारा किती उतरला ते राज्यभरच्या पेपरांत छापून येतं; पण त्याच पहाटे डेअरीवर दूध घालायला निघालेल्या पोराची बोटं ब्रेकवर नीट वळत नाहीत, हे कुठं छापून येत नाही. त्यात नदीवरून येणारं धुकं. मग द्राक्षांचा हंगाम आणि पिकअपवाल्यांची घाई. उन्हाळ्यात लासलगाव-पिंपळगावकडे निघालेले कांद्याचे ट्रॅक्टर. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या चाकांनी डांबरावर आणून टाकलेली माती, आणि वरून भुरभुर पाऊस. बारा महिने कुत्री, पट्टे न मारलेले गतिरोधक आणि उसातून एकदम रस्त्यावर येणारं जनावर. आपल्याकडे ते जनावर बिबट्याही असू शकतं.

यातलं काहीच मुलाला नवं नाही. अडचण इथंच आहे. जे रोज दिसतं त्याची भीती उरत नाही, आणि भीती गेली की आधीपासून सावध राहणंही जातं. मग सगळा भार त्या शेवटच्या क्षणावर पडतो.

तो क्षण केवढा असतो, याचा अंदाज देणारं एक मोठं काम अमेरिकेत झालं आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातले ९०० मोटारसायकल अपघात एकेक करून तपासले आणि १९८१ साली अहवाल दिला. अहवाल जुना, देश परका, रस्ते वेगळे. तरी त्यातल्या गोष्टी आपल्या गावच्या वाटतात. धोका दिसल्यापासून धडक बसेपर्यंत चालवणाऱ्याच्या हातात साधारण दोन सेकंदही नव्हते. तेवढ्यात बहुतेकांनी मागचा ब्रेक करकचून दाबला, चाक घसरवलं, आणि पुढचा ब्रेक लागायला हवा तेवढा लावलाच नाही. गाडी शिताफीनं बाजूला काढणं तर जवळपास कुणालाच जमलं नाही. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या धडकांपैकी दोन तृतीयांश वेळा चूक त्या दुसऱ्या वाहनवाल्याची होती. त्याला मोटारसायकल वेळेवर दिसलीच नव्हती. आणि अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के लोक गाडी कुठं रीतसर शिकलेले नव्हते. ते आपले आपण शिकले होते, नाही तर घरच्यांकडून आणि मित्रांकडून.

घरच्यांकडून, म्हणजे आपल्याकडून.

आठवून बघा, आपण काय शिकवतो? गाडी चालू कशी करायची, क्लच कसा सोडायचा, गिअर कसे टाकायचे. थांबायचं कसं, हे एका वाक्यात उरकतो, आणि ते वाक्य बहुधा असं असतं: "पुढच्या ब्रेकला हात लावू नको, पलटी होशील." या सांगण्याला आधार आहे. हँडल वळलेलं असताना, वाळूवर किंवा चिखलात पुढचा ब्रेक एकदम आवळला तर गाडी हमखास जाते. पण सरळ, कोरड्या डांबरावर गोष्ट उलटी आहे. ब्रेक लागला की गाडीचा आणि माणसाचा भार पुढच्या चाकावर येतो, मागचं चाक हलकं होतं. त्यामुळे गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. मागचा एकटा दाबला की हलकं झालेलं चाक अडकतं आणि फरफटत जातं. "गाडी आडवीच झाली" असं मुलं हसत सांगतात तेव्हा बहुतेक हेच झालेलं असतं. म्हणजे मुलानं त्या दोन सेकंदांत चुकीचं काही ठरवलं नाही. वडिलांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं तेच इमानानं केलं.

नव्या गाड्यांत याची थोडी सोय आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या मोटारसायकलींना चाक अडकू न देणारी एबीएस आणि १२५ पर्यंतच्यांना निदान दोन्ही चाकांचे ब्रेक जोडलेली यंत्रणा सक्तीची झाली. पण आपल्या गोठ्यासमोर उभी असलेली गाडी किती सालची आहे? मुलाच्या वाट्याला बहुतेक जुनीच येते. नवी वडिलांकडे, आणि टायर गुळगुळीत झालेली, ब्रेकचे लायनर संपत आलेली गाडी "कॉलेजपुरती" त्याला. हा निर्णयही घरचाच.

आता जरा हिशेब करू. गाडी ताशी ६० किलोमीटरनं जात असेल तर एका सेकंदात ती जवळजवळ १७ मीटर पुढं जाते. डोळ्यांना दिसणं, डोक्यात शिरणं आणि हात ब्रेकवर जाणं, यात चांगल्या माणसाचाही एक सेकंद जातो. तोवर ब्रेक लागलेलाच नसतो. नंतर कोरड्या रस्त्यावर, बऱ्या टायरांवर, नीट ब्रेक लावला तरी थांबायला आणखी २८ मीटर लागतात. एकूण ४५. तीच गाडी ४० वर असेल तर पहिल्या सेकंदात ११ मीटर आणि ब्रेकचे साधारण १२, म्हणजे एकूण २३ मीटर. वेग दीडपट झाला की थांबायला लागणारं अंतर जवळपास दुप्पट होतं. आणखी एक गोष्ट मुलासमोर कागदावर मांडून दाखवा. ४० वाला जिथं पूर्ण थांबला, त्या जागी ६० वाला अजून पन्नासच्या वर वेगानं चालला आहे. एकानं ट्रॉलीच्या मागं उभं राहून शिव्या घातल्या. दुसरा ट्रॉलीत गेला. दोघांची नजर सारखी, हात सारखेच चपळ. फरक पडला तो आधीच्या अर्ध्या तासात, काटा कुठं ठेवायचा ते ठरवताना.

रात्री हा हिशेब आणखी कडक होतो. गाडीचा खालचा लाइट फार तर तीस-चाळीस मीटर रस्ता दाखवतो. काच धुळीनं माखलेली असली तर त्याहून कमी. बिनदिव्याची ट्रॉली तीस मीटरवर दिसली आणि काटा ६० वर असला, तर देवालाही ब्रेक लावायला जागा नाही. ४० वर असला तर आहे. दहावीच्या मुलाला हे गणित समजतं. आपण त्याला "हळू चालव" म्हणतो. 'हळू' म्हणजे किती, ते सांगत नाही.

नजरेचंही तसंच आहे. घाबरलेला माणूस ज्याच्याकडे टक लावून बघतो, गाडी तिकडंच जाते. खड्ड्याकडे बघत खड्डा चुकवू म्हणणारा खड्ड्यातच जातो. नजर मोकळ्या जागेवर ठेवायची, हात आपोआप तिकडं वळतात. हे नुसतं सांगून येत नाही, सवयीनं येतं. सवय लावायची तर मोकळी जागा हवी, आणि शेजारी उभं राहायला आपल्यापैकी कुणीतरी.

आता मूळ मुद्द्यावर येते. थोडक्यात वाचलेला मुलगा त्या प्रसंगातून काय शिकतो? एकटाच राहिला तर तो शिकतो, "मला जमतं." नशिबानं मिळालेला अर्धा मीटर त्याच्या हिशेबी स्वतःच्या कसबाच्या खात्यावर जमा होतो. मित्रांचं हसणं त्यावर शिक्का मारतं. पुढच्या वेळी तो तेवढाच वेग ठेवतो, कदाचित थोडा जास्तच. याउलट तोच प्रसंग कुणी शांतपणे त्याच्याबरोबर उलगडला, तर त्यासारखा फुकटचा धडा नाही. कुणाला लागलं नाही, गाडी शाबूत आहे, आणि चूक मात्र स्पष्ट दिसते आहे.

ओझरच्या एचएएलची विमानं आपल्या डोक्यावरून जातात, त्या विमानांच्या जगानं हे फार पूर्वी ओळखलं. अमेरिकेत १९७६ पासून नासा ही संस्था एक व्यवस्था चालवते. थोडक्यात टळलेला प्रसंग वैमानिकानं स्वतः होऊन कळवायचा. त्याचं नाव गुप्त राहतं, आणि चूक नकळत झालेली असेल तर वेळेत कळवणाऱ्याला दंडातून सूट मिळते. कारण शिक्षेच्या भीतीनं माणूस गप्प बसला तर पुढचा वैमानिक त्याच जागी तीच चूक करेल, हे त्यांना उमगलं होतं. मात्र जाणूनबुजून नियम मोडणाऱ्याला ही सूट नाही. मला वाटतं, घरालाही हाच नियम पुरेसा आहे.

आपल्या घरी काय होतं? मुलगा चुकून बोलून गेला, "पप्पा, आज ट्रॉलीला धडकता धडकता राहिलो," तर पुढचं ठरलेलं असतं. "डोळे फुटले होते का तुझे? दे ती चावी इकडं!" आई म्हणते, "देवानं वाचवलं गं बाई," आणि मीठ-मोहऱ्या उतरवायला उठते. बापाचा राग खरा असतो, आईची माया खरी असते. पण दोघांनीही त्या प्रसंगाचा दरवाजा लावून टाकलेला असतो. मुलगा यातून एकच गोष्ट शिकतो: पुढच्या वेळी सांगायचं नाही.

याऐवजी आधी एवढंच विचारा, "लागलं का कुठं? बस, पाणी पी." मग थोड्या वेळानं, आवाज न चढवता, चार प्रश्न विचारा. ट्रॉली पहिल्यांदा दिसली तेव्हा किती लांब होती? काटा कितीवर होता? त्या वेळी तू कुठं बघत होतास? आणि चौथा, सगळ्यात मोलाचा: दहा सेकंद आधी काय वेगळं केलं असतंस, तर ही वेळच आली नसती? या चौथ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ नका. त्यालाच शोधू द्या. "पुढं फाटा आहे हे माहीत होतं, तिथंच हात हलका करायला हवा होता," हे वाक्य त्याच्या तोंडून आलं तर ते त्याचं होतं. आपण सांगितलं तर ते फक्त आणखी एक भाषण.

कुणी म्हणेल, बाई, असं केलं तर पोरं सोकावतील. नाही सोकावत. चूक सांगितली म्हणून शिक्षा नाही, याचा अर्थ काहीही केलं तरी चालतं असा नाही. दारू पिऊन गाडी, शर्यत, हात सोडून रील काढणं, ट्रिपल सीट, या चुका नव्हेत. ते ठरवून केलेलं असतं. त्याची शिक्षा काय, तेही आधीच सांगून ठेवा आणि ती पाळा. मुलाला शिक्षेचा राग येत नाही. आज एक, उद्या दुसरं, याचा येतो.

मुलं आपलं ऐकण्याआधी आपल्याला बघतात, हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. हेल्मेट आरशाला अडकवून बाजाराला जाणारा बाप "हेल्मेट घाल" म्हणाला तर मुलगा हेल्मेट आरशालाच अडकवणार. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांतली सुमारे ७५ हजार दुचाकीवरची होती. त्या वर्षी हेल्मेट नसताना जीव गेलेल्यांची संख्या ५० हजारांच्या वर होती, आणि त्यांत मागे बसलेले १४ हजारांहून जास्त. मागे बसलेले म्हणजे आई, बहीण, मित्र. चार वर्षांवरील प्रत्येकाला, पुढच्याला आणि मागच्याला, हेल्मेट कायद्यानं सक्तीचं आहे. नाशिक शहरात १५ ऑगस्ट २०२१ पासून 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी मोहीम पोलिसांनी काढली तेव्हा पंपावर शेजारच्याचं हेल्मेट मागून घेणारे लोक होतेच. डोकं आपलं आणि हेल्मेट पंपवाल्याला दाखवायला! घेताना आयएसआयची खूण बघा, डोक्यात घट्ट बसतं का बघा, आणि हनुवटीखालचा पट्टा लावल्याशिवाय गाडी दाराबाहेर जाऊ देऊ नका. पट्टा न लावलेलं हेल्मेट माणसाच्या आधी रस्त्यावर पडतं.

दुसरं, फोन. मुलगा निघाला की दहा मिनिटांनी आपण फोन करतो: "कुठं पोहोचलास?" त्याच्या खिशात फोन वाजतो. उचलला नाही तर आपण पुन्हा करतो, मग रागावतो. तो एका हातानं फोन काढतो, मान वाकडी करून हेल्मेटात सारतो आणि तसाच पुलावर चढतो. त्याला गाडीवर फोन उचलायला आपण लावलं आहे. यावर उपाय साधा आहे. निघताना त्यानं सांगावं, पोहोचल्यावर त्यानं करावा, मधल्या वेळात आपण करायचा नाही. जीव खालीवर झाला तरी नाही.

तिसरं, घाई. "पाहुणे आलेत, पटकन दूध घेऊन ये", "क्लासला उशीर झालाय, पळ", "भाव उतरायच्या आत बाजार समितीत चिठ्ठी देऊन ये." आपल्या एका 'पटकन'नं काटा वर जातो, आणि आपण मात्र पुन्हा म्हणतो, हळू जा.

चावीचंही बोलायला हवं. कायदा असा आहे: अठरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मोटारसायकल चालवता येत नाही. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीनं लायसन मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. आणि आपल्या दारातली स्कूटी ११० सीसीची असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १९९-अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाच्या हातून गाडीवर गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन नाही. 'मला माहीतच नव्हतं' हे पालकालाच सिद्ध करावं लागतं. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते गेले आणि मुलाच्या वडिलांना अटक झाली, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. ती मोठ्या शहरातली, मोठ्या गाडीची गोष्ट, म्हणून आपण सोडून दिली. कलम मात्र सायखेड्यालाही तेच आहे.

पण कायद्याच्या भीतीपेक्षा मला दुसरं कारण महत्त्वाचं वाटतं. पंधरा-सोळाव्या वर्षी मूल गाडी चालवायला हातापायांनी तयार असतं; मागं बसलेला मित्र "हाण की!" म्हणाला तर नाही म्हणायला तयार नसतं. अठरापर्यंत थांबायचं ते हातापायांसाठी नाही, या 'नाही' साठी. तोवर एसटी आहे, सायकल आहे, आणि आपण आहोत. अडचण होते, मान्य आहे. शेतात माणूस नसतो, कॉलेज लांब असतं. तरी ही अडचण आपण सोसायची. मुलाच्या जिवावर ती टाकायची नाही.

आता राहिले ते निर्णय, जे रस्त्यावरच्या क्षणावर सोडायचेच नाहीत. त्यांत आपल्या गावाचा पहिला मान पुलाला. गोदावरीला २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा सायखेडा आणि चांदोरी दोन्ही गावांत पाणी शिरलं, पुलाला पाणवेली अडकल्या, ते आपण विसरलेलो नाही. पाणी पुलाला टेकलेलं असताना काठावर गाडी उभी करून "जाऊ का नको" असा विचार करणारा मुलगा जाणारच. समोर दोघं गेलेले असतात, मागं तिघं बघत असतात. वाहतं पाणी दिसतं त्याहून जड असतं, आणि त्याखाली कठड्याशेजारचा रस्ता शाबूत आहे की खचला आहे, हे कुणालाच दिसत नाही. म्हणून हा निर्णय जूनमध्येच, घरात, कोरड्या जमिनीवर बसून घ्यायचा: पुलावर पाणी असेल तर गाडी फिरवायची. पेपर असो, लग्न असो. रात्र झाली तर पलीकडे ओळखीच्या घरी मुक्काम करायचा.

असेच आणखी काही ठराव करून ठेवा. उसाच्या ट्रॉलीला वळणावर आणि पुलावर ओलांडायचं नाही. रात्री काटा ४० च्या पुढं नाही. समोरच्यानं अप्पर लाइट मारून डोळे दिपवले तर आपणही अप्पर मारायचा नाही. नजर डाव्या कडेला, हात हलका. पेंगत असताना, ताप असताना गाडी नाही. मुलानं हे ठराव आपल्या हातानं लिहावेत, आणि ते तुमच्यावरही लागू असावेत. तुम्ही मोडलात तर त्यानं तुम्हाला टोकावं, आणि तुम्ही चिडू नये. अवघड आहे, पण यातूनच त्याला कळेल की नियम वयाचा नाही, रस्त्याचा आहे.

एक वचन मात्र तुम्ही द्यायचं. "कितीही रात्र झाली, कुठंही अडकलास, गाडी चालवणाऱ्या मित्रानं दारू घेतलेली असली, तर मला फोन कर. मी न्यायला येईन. त्या रात्री एक शब्द विचारणार नाही." आणि खरोखर विचारू नका. प्रश्न दुसऱ्या दिवशी. मित्रांपुढं नाही म्हणायला त्याला कारण हवं असेल तर आपलं नाव वापरू द्या. "घरचे गाडी विकतील रे," एवढं म्हणून त्याची सुटका होत असेल, तर गावात आपण कडक म्हणून ओळखले गेलो तर बिघडलं कुठं?

लायसन काढलेल्या मुलासाठी एक काम याच आठवड्यात करता येईल. सुट्टीच्या दिवशी, परवानगी घेऊन, एखादं मोकळं पटांगण बघा. आधी ब्रेक, टायर, दिवे तपासा. मग हेल्मेट घालून त्यानं ताशी २० वरून, नंतर ३० वरून दोन्ही ब्रेक लावून सरळ रेषेत थांबायचं. पुढचा ब्रेक झटक्यानं आवळायचा नाही, दाब वाढवत न्यायचा. कुठं थांबला तिथं चुन्याची खूण करा. मग वाटेत एक डबा ठेवा आणि डब्याकडे न बघता बाजूनं काढायला सांगा. जमलं की तुम्हीही करून बघा. आपल्याही सवयी तपासल्या जातील. नाशिकला जाणं होत असेल तर 'नाशिक फर्स्ट' या संस्थेचं वाहतूक शिक्षणाचं उद्यान मुलांना जरूर दाखवा. आणि रस्त्यात कुणी पडलेला दिसला तर १०८ ला फोन करायचा, थांबायचं, हेही त्याला सांगा. मदत करणाऱ्याला २०१९ च्या कायदादुरुस्तीनं संरक्षण दिलं आहे; पोलीस त्याला साक्षीदार होण्याची सक्ती करू शकत नाहीत.

राहता राहिली बोलायची सुरुवात. ती मुलाकडून होणार नाही, आपल्यालाच करावी लागेल. गोदाकाठच्या रस्त्यांवर वीस-पंचवीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाकडे थोडक्यात वाचल्याचे चार-दोन प्रसंग असतातच. त्यातला एक जेवताना सांगा. पराक्रम म्हणून सांगू नका. काटा कितीवर होता, नजर कुठं होती, दहा सेकंद आधी काय करायला हवं होतं, ते धरून सांगा, म्हणजे तेच प्रश्न आधी स्वतःला विचारल्यासारखं होईल. मुलगा त्या दिवशी काही बोलणार नाही, कदाचित महिनाभर बोलणार नाही. त्याला घाई करू नका. आपण चूक कबूल केली आणि घरात कुणी कुणावर ओरडलं नाही, एवढं त्यानं पाहिलं की पुढचा प्रसंग मित्रांच्या आधी तुम्हाला कळेल.